रोजचा एक प्रश्न : शेडमधली गप्प माणसं बोलती कशी करायची?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण टीममधलं बोलणं वाढवण्याचा एक सोपा उपाय बघितला : ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एक मजेदार सामान्यज्ञानाचा प्रश्न. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून प्रश्नांची यादी आणि चार आठवड्यांचा आराखडा इथे लिहून देतोय. वही-पेन जवळ ठेवा.

आधी अडचण नीट समजून घेऊ

समजा, भोसरीत तुमचं आठ जणांचं प्रेस शॉप आहे. एक ऑपरेटर बीडचा, एक लातूरचा, दोन हेल्पर बिहारचे, क्वालिटी बघणारी मुलगी चिखलीची, डिस्पॅचचे काका इथलेच जुने. सगळे रोज एकाच शेडमध्ये असतात. पण मशीन चालू असताना आवाजात बोलता येत नाही, आणि चहाच्या सुट्टीत जो तो आपल्या गाववाल्यांजवळ, नाहीतर मोबाईलमध्ये.

यातल्या एका हेल्परला सकाळपासून दिसतंय की जॉबला बर राहतोय. तो बोलेल का? बहुतेक वेळा नाही. 'आपण कोण सांगणारे?', 'मराठी नीट येत नाही, हसतील', 'साहेब ओरडतील'. संध्याकाळी माल चाकणला जातो आणि दोन दिवसांनी डेबिट नोट येते. हे झालं पैशाचं. पण प्रेसचा सेफ्टी सेन्सर मधूनच दगा देतोय, हे माहीत असूनही कोणी बोललं नाही, तर जातं ते माणसाचं बोट. ते कुठल्याच हिशेबात भरून निघत नाही.

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील, असं कोणालाही वाटेल. आकडे उलटे निघाले. चांगल्या टीममध्ये नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. कारण तिथली माणसं चुका उघडपणे बोलत होती. बाकीच्या ठिकाणी त्या दाबल्या जात होत्या. तुमच्या शेडमध्ये तक्रारी ऐकू येत नाहीत म्हणून सगळं आलबेल आहे, असं समजू नका.

मग यात प्रश्नमंजूषेचा काय संबंध?

गप्प माणसाला एकदम 'काय अडचण आहे, सांग' असं विचारलं तर तो 'काही नाही साहेब' म्हणतो. पण 'लिट्टीत काय भरतात?' असं विचारलं की बिहारचा हेल्पर हसतो आणि सांगतो, 'सत्तू!' मग सत्तू कशाचा, चोखा कसा करतात, असं सुरू होतं. त्या दोन मिनिटांत त्या शेडमधला जाणकार तोच असतो. आपण बोललो, लोकांनी ऐकलं, कोणी हसलं नाही, हा अनुभव त्याला वारंवार मिळाला पाहिजे. ज्याने सत्तूबद्दल दहा वेळा तोंड उघडलंय, त्याला अकराव्यांदा बरबद्दल तोंड उघडणं सोपं जातं. सगळी गंमत एवढ्यासाठीच.

आपल्या पट्ट्यात प्रश्नमंजूषा नवीन नाही. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ ची, म्हणून ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या आठवड्यात कंपन्यांमध्ये बॅनर लागतात, शपथ होते, प्रश्नमंजूषा होते. चांगलंच आहे. पण वर्षातून एकदा विचारलं की हुशार चार जण उत्तर देतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. बोलायची सवय लागायला दर आठवड्याला विचारावं लागतं.

पाच नियम

१. सकाळी प्रश्न, चहाला उत्तर. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी फळ्यावर प्रश्न लिहा आणि हिंदीतही वाचून दाखवा. उत्तर लगेच सांगू नका. मधल्या दोन तासांत तो प्रश्न डोक्यात राहतो आणि चहाला लोक एकमेकांना विचारतात. मशीन चालू असताना मात्र चर्चा अजिबात नाही. प्रेसवर लक्ष म्हणजे लक्ष.

२. जोड्या मिसळा. उत्तर एकट्याने द्यायचं नाही, जोडीने द्यायचं. ऑपरेटरसोबत डिस्पॅच, हेल्परसोबत क्वालिटी. दर आठवड्याला जोडी बदला. कोणाचं नाव घेऊन 'तू सांग' असं करू नका; शाळेतला फळा आठवतो आणि माणूस आणखी आत जातो.

३. बक्षीस सगळ्यांचं. रोख रक्कम नको. शनिवारी सगळ्यांना वडापाव. पैसे आले की भांडण आलं.

४. व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. तिथे ज्याचं नेट फास्ट तो जिंकतो आणि गप्प माणूस अंगठा दाखवून मोकळा होतो.

५. जात, धर्म, राजकारण, पगार आणि इंग्रजी स्पेलिंग यांवर प्रश्न नाही. आणि चुकीच्या उत्तरावर हसणं बंद. मालक हसला तर सगळे हसतात, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न कसे निवडायचे? तीन डबे करा

पहिला डबा : आपला परिसर. रोज येता-जाता दिसणाऱ्या गोष्टी.

- पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेली 'एचए कंपनी' कोणत्या औषधासाठी उभी राहिली? (पेनिसिलिन. पूर्ण नाव हिंदुस्थान अँटिबायोटिक्स.)
- चाकणच्या भुईकोट किल्ल्याचं नाव काय, आणि १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या वेढ्यात तो कोणी लढवला? (संग्रामदुर्ग. फिरंगोजी नरसाळा.)
- पिंपरी-चिंचवडची महापालिका कधी झाली? (१९८२.)
- चिंचवडला मोरया गोसावींची समाधी कोणत्या नदीकाठी आहे? देहू-आळंदी कोणत्या नदीकाठी? (पवना. इंद्रायणी.)

दुसरा डबा : हातातली अवजारं. हा डबा सगळ्यात जास्त चालतो.

- व्हर्निअरला व्हर्निअर का म्हणतात? (पिएर व्हर्निअर या फ्रेंच गणितज्ञाने १६३१ मध्ये ही मापनपद्धत मांडली.) लगेच पुढचा प्रश्न : आपल्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट किती? इथे क्वालिटीच्या मुलीला शिकवायची संधी द्या.
- 'पोका-योके' म्हणजे चूक होऊच नये अशी व्यवस्था. जपानमध्ये त्याचं आधीचं नाव काय होतं? ('बाका-योके'. 'बाका' म्हणजे मूर्ख. काम करणाऱ्या माणसाला हा शब्द लागतो, हे ध्यानात आल्यावर शिगेओ शिंगो यांनी नाव बदललं.) या एका उत्तरावर आमच्या ट्रेनिंगमध्ये अर्धा तास गप्पा होतात. तुमच्या शेडमध्ये कोणाला काय म्हणून हाक मारतात, तेही त्या दिवशी तपासा.

तिसरा डबा : आपली माणसं. उत्तर टीममधल्याच कोणाकडे असेल असा प्रश्न. लिट्टीत काय? जळगावच्या भरताला कोणती वांगी? ऊसतोडीतला 'कोयता' म्हणजे किती माणसं? (नवरा-बायको मिळून एक कोयता.) बीडचा ऑपरेटर हे सांगायला लागला की शेड शांत होऊन ऐकतं. मात्र कोणाच्या घरच्या अडचणींवर प्रश्न करू नका. त्याला स्वतःहून सांगायचं असेल तेवढंच.

चार आठवड्यांचा आराखडा

पहिला आठवडा : सोमवार, बुधवार, शुक्रवार. तिन्ही प्रश्न परिसराचे. मालकाने स्वतः हजर राहायचं.

दुसरा आठवडा : एक परिसर, एक अवजार, एक माणसं. प्रश्न वाचायचं काम सुपरवायझरकडे द्या.

तिसरा आठवडा : प्रश्न टीमने आणायचा. एक पेटी ठेवा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगू दे, दुसरा लिहील.

चौथा आठवडा : शुक्रवारचा प्रश्न कामाचा, आणि ज्याचं एकच उत्तर नाही असा. 'या आठवड्यात कोणत्या मशीनचा आवाज बदललाय?' किंवा 'कोणता जॉब हातात घेताना भीती वाटते?' आता जे उत्तर येईल ते खरं सोनं. त्याच दिवशी त्यावर काहीतरी करा. करता येत नसेल तर का नाही, हे सोमवारी सगळ्यांसमोर सांगा. हे केलं नाही, तर आधीचे तीन आठवडे पाण्यात.

खर्च किती?

आठ माणसं, दिवसाला दहा मिनिटं, आठवड्याला तीन दिवस : २४० मिनिटं, म्हणजे ४ मनुष्य-तास. तुमच्या मजुरीच्या दराने गुणा. मग शेवटची डेबिट नोट काढा : परत आलेला माल, गाडीभाडं, ग्राहकाच्या आवारात सॉर्टिंगला पाठवलेली दोन माणसं. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा.

वहीत दोनच नोंदी ठेवा. आठवड्यात किती वेगवेगळी माणसं बोलली? आणि दोष शेडमध्ये किती सापडले, ग्राहकाकडे किती? दुसरी नोंद लगेच बदलणार नाही. पहिली बदलली की समजा गाडी रुळावर आहे.

शेवटी एक स्पष्ट सांगतो. ओव्हरटाईमचे पैसे थकलेत, सुपरवायझर आईवरून शिव्या देतोय, तर कितीही प्रश्नमंजूषा घ्या, कोणी बोलणार नाही. आधी ते मिटवा, मग फळा लावा.

आजचा गृहपाठ : टीममधल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि त्यापुढे 'याला माझ्यापेक्षा जास्त काय माहीत आहे?' हे लिहा. ज्याच्यापुढची जागा रिकामी राहील, तुमचा पहिला प्रश्न त्याला समोर ठेवून तयार करा. सोमवारी फळ्यावर लिहा आणि काय झालं ते मला नक्की कळवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.