शोलाकिळी पाहायची तर बसायला शिका

उटीला गेलेला मराठी माणूस दोड्डाबेट्टाच्या २,६३७ मीटर उंच माथ्यावर फोटो काढतो, चहापत्ती घेतो आणि उतरतो. त्याच डोंगराच्या घळींत, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, निलगिरी शोलाकिळी राहते. पालघाट खिंडीच्या उत्तरेकडचे मोजके उंच डोंगर सोडले, तर जगात हा पक्षी कुठेच नाही.

‘किळी’ म्हणजे मल्याळममध्ये पाखरू. शोलातलं पाखरू ती शोलाकिळी. शोला म्हणजे उघड्या गवताळ उतारांच्या मधे, ओढ्याच्या घळीत दाटलेलं बुटक्या, शेवाळलेल्या झाडांचं रान. आपली देवराई आठवा, फक्त अधिक गार आणि ओली. एक घोटाळा मात्र टाळा. आपण ज्याला निलगिरीचं झाड म्हणतो ते ऑस्ट्रेलियातून आलेलं. त्याच्या लागवडीत दिवसभर फिरलात तरी शोलाकिळी दिसायची नाही. चहा, निलगिरी आणि वॅटल या झाडांच्या लागवडीनेच तिची जागा खाल्ली. आज ती धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे.

पक्षी चिमणीएवढा, पण पाय लांब. पाठ, डोकं, छाती गडद निळी-करडी, कुशी तांबूस, पोट पांढुरकं. नर-मादी सारखेच. खिंडीच्या दक्षिणेला, कोडाईकनालकडे, हिची पांढऱ्या पोटाची बहीण भेटते. तिच्या कुशीवर तांबूस रंग नसतो. या पक्ष्यांना ‘शोलिकोला’ हे स्वतंत्र प्रजातीनाम मिळालं ते थेट २०१७ साली, जनुकं आणि गाणं तपासल्यावर.

आता पाहायचं कसं? आपल्या ट्रेकची सवय इथे नडते. चालत राहिलात तर ती दिसणार नाही. उजाडण्यापूर्वी शोलाच्या कडेला पोहोचा, पायवाट ओढा ओलांडते तिथे बसा आणि निदान अर्धा तास हलू नका. नजर फांद्यांवर नको, गुडघ्याच्या खाली ठेवा. ती जमिनीलगत वावरते, पालापाचोळ्यात किडे टिपते आणि पहाटे किंवा तिन्हीसांजेला वाटेच्या कडेला उड्या मारत येते. ऊन चढलं की झुडपात गडप. आधी बहुधा शीळच ऐकू येईल. सह्याद्रीतल्या शीळकरी कस्तूरची खणखणीत शीळ कानात असेल, तर ही त्याहून बारीक आणि उंच पट्टीतली.

एप्रिल ते जून हा विणीचा काळ, गाणंही तेव्हाच भरात. पाऊस सुरू झाला की जळवा असतात, म्हणून मोजे लांब घ्या. पहाटे थंडी बोचते, स्वेटर हवाच. कपडे मातकट रंगाचे, दुर्बीण आठ पटींची पुरे. अंधाऱ्या रानात जास्त पटींपेक्षा जास्त उजेड घेणारं भिंग कामाला येतं. उटीजवळचं केर्न हिल आणि कोटगिरीचा लाँगवुड शोला या माझ्या मते सर्वांत चांगल्या जागा. आत शिरण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या. निलगिरीत गाडी नेणार असाल तर ई-पास आधीच काढा, आणि पाण्याची बाटली घरचीच न्या.

मोबाइलवर तिचं गाणं वाजवून तिला बोलावू नका. घरटं झाडाच्या ढोलीत किंवा मातीच्या दरडीतल्या खळग्यात असतं, आत बहुधा दोनच अंडी. तुमच्या मोबाइलमधला खोटा शेजारी हाकलायला ती घरटं सोडून बाहेर येते, आणि तेवढा वेळ ती अंडी उघडी पडतात.