‘च’ आणि ‘ओन्ली’

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने इंग्रजी विषयावर काही उपयुक्त लिहावे असे सुचविले, तेव्हा मला एका शिष्यवृत्तीच्या अर्जाची आठवण झाली. अर्ज वसतिगृहातील नववीच्या एका विद्यार्थ्याचा होता. घरात कमावणारे एकटे वडील. ‘माझे वडीलच कमावतात’ हे त्याला सांगावयाचे होते. त्याने इंग्रजीत लिहिले, ‘माय फादर अर्न्स ओन्ली.’ मी तो अर्ज डोळ्यांखालून घातला, स्वाक्षरी केली आणि पाठविला. माझ्या मराठी कानाला त्यात काहीही खटकले नाही. काही आठवड्यांनी अर्ज परत आला. त्या वाक्याखाली रेघ ओढून समासात कोणीतरी विचारले होते, ‘हाउ मच?’ वाचणाऱ्याने ‘ओन्ली’नंतर एखादा आकडा राहून गेला असे समजले होते. दुरुस्त अर्ज पोहोचेपर्यंत पहिला हप्ता हुकला. चूक मुलाची नव्हती, तपासणाऱ्या शिक्षकाची होती. ‘ओन्ली माय फादर अर्न्स’ एवढा एक शब्द उचलून आधी ठेवला असता, तरी भागले असते.

या चुकीचे मूळ इंग्रजीच्या अज्ञानात नाही, मराठीच्या सवयीत आहे. आपला ‘च’ हा अव्यय ज्या शब्दावर भर द्यायचा त्याला शेवटी चिकटतो. ‘ओन्ली’ मात्र सामान्यतः त्या शब्दाच्या आधी उभा राहतो. एक साधे वाक्य घेऊ : ‘द गर्ल्स वॉटर्ड द नीम ट्री ऑन संडेज.’ मुली रविवारी कडुलिंबाला पाणी घालीत. आता ‘ओन्ली द गर्ल्स वॉटर्ड’ म्हटले की मुलींनीच पाणी घातले, मुलांनी नाही. ‘द गर्ल्स ओन्ली वॉटर्ड द नीम ट्री’ म्हटले की नुसते पाणी घातले, आळे केले नाही. ‘वॉटर्ड ओन्ली द नीम ट्री’ म्हणजे कडुलिंबालाच, शेजारचा पिंपळ कोरडाच राहिला. ‘ओन्ली ऑन संडेज’ म्हणजे रविवारीच, इतर दिवशी झाड तहानलेले. शब्द तेच, पण ‘ओन्ली’ एक घर सरकला की दोषी बदलतो!

परंतु जागा सांभाळली म्हणजे सर्व साधले, असे नाही. खरी अडचण अशी की ‘च’ एकाहून अधिक कामे करतो. या प्रश्नाचा विचार आपल्या परंपरेत फार पूर्वी झाला आहे, हे वाचकांना कदाचित नवल वाटेल. सातव्या शतकातील बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्ती यांनी ‘प्रमाणवार्तिक’ या ग्रंथात संस्कृत ‘एव’ या अव्ययाची, म्हणजे आपल्या ‘च’च्या थोरल्या भावंडाची, तीन कार्ये वेगळी केली. ‘पार्थच धनुर्धर’ म्हटले की इतरांना वगळले जाते; तसा धनुर्धर दुसरा नाही. ‘चैत्र धनुर्धरच’ म्हटले की इतर कोणी वगळले जात नाही. चैत्र धनुर्धर नाही ही शंका तेवढी दूर होते. ‘कमळ निळे असतेच’ म्हटले की सर्व कमळे निळी ठरत नाहीत. कमळ निळे असूच शकत नाही, हे म्हणणे मात्र खोडले जाते. ‘एव’ कोणत्या शब्दाशी जोडला आहे, यावर अर्थ ठरतो. वर्गात मी हे प्रथम सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही सावरून बसली होती.

इंग्रजी ‘ओन्ली’ या तिघांपैकी पहिले काम करतो. तो वगळतो, मर्यादा घालतो. दुसऱ्या कामाला त्याला जुंपले की अर्थ बिघडतो, कधी उलटतो. ‘मी शिक्षकच आहे’ यात अभिमान असू शकतो. ‘आय अ‍ॅम ओन्ली अ टीचर’ यात मात्र ‘मी आपला साधा शिक्षक, अधिक काही नाही’ असा कमीपणा येतो. मुलाखतीत स्वतःविषयी असे वाक्य उच्चारणाऱ्या उमेदवाराला आपण काय बोलून गेलो याची कल्पनाही नसते.

म्हणून ‘च’ आला की इंग्रजीत प्रत्येक वेळी निराळा शब्द शोधावा लागतो. ‘मी आत्ताच आलो’ येथे ‘जस्ट’ : ‘आय हॅव जस्ट कम.’ ‘आत्ताच ये’ येथे ‘राइट नाऊ’. ‘इथेच थांब’ याला ‘वेट राइट हिअर’. ‘तोच मुलगा’ म्हणजे ‘द सेम बॉय’. ‘मी येईनच’ म्हणजे ‘आय विल सर्टनली कम’. यांपैकी एकाही ठिकाणी ‘ओन्ली’ चालत नाही, आणि आपण नेमका तोच घालतो : ‘नाऊ ओन्ली’, ‘हिअर ओन्ली’. भारतीय इंग्रजीत ही लकब इतकी रुळली आहे की आपापसांत कोणी अडखळत नाही. तिला हसण्याचे कारण मला दिसत नाही. पण अर्ज आपल्यातच राहत नाही, तो परक्या टेबलावर जातो.

सर्वांत फसवा शब्द ‘कालच’. ‘अर्ज मी कालच पाठविला’ हे वाक्य मराठीत दोन परस्परविरुद्ध प्रसंगी येते. एकदा ते कबुलीजबाब असते : उशीर झाला, कालपर्यंत पाठविला नव्हता. एकदा ते तत्परतेची ग्वाही असते : तुम्ही विचारण्यापूर्वीच पाठविला. आवाजाच्या चढउतारावरून आपण ओळखतो. कागदावर आवाज नसतो. ‘आय सेंट इट ओन्ली यस्टरडे’ हे पहिल्या अर्थाचे, उशिराचे वाक्य आहे. तत्परता सांगायची तर ‘आय हॅव ऑलरेडी सेंट इट’ असे लिहावे. वक्तशीर विद्यार्थ्याने स्वतःला आळशी म्हणवून घेण्याचा हा सोपा मार्ग मी अनेक पत्रांत पाहिला आहे.

दोन अपवाद सांगितले पाहिजेत. फलकावर ‘लेडीज ओन्ली’ आणि धनादेशावर ‘रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली’ असे लिहितात. तेथे ‘ओन्ली’ शेवटीच शोभतो. धनादेशावर तर त्याचे काम पहारेकऱ्याचे आहे, रकमेपुढे कोणी काही वाढवू नये म्हणून. मराठीतही आपण ‘रुपये पाचशे फक्त’ असेच लिहितो. तसेच बोलण्यात इंग्रज माणूस ‘ओन्ली’ क्रियापदाच्या आधी सहज टाकून देतो आणि जोर कोठे आहे हे स्वराने दाखवितो. फाउलर या कोशकाराने 1926 साली आपल्या प्रसिद्ध वापरकोशात अशा सहज रचनेचा कैवारच घेतला, आणि अर्थाचा घोटाळा होत नसेल तर तिच्यामागे लागू नये असे मत मांडले. मला ते मान्य आहे. मात्र जेथे पैसा, तारीख किंवा माणूस यांचा हिशेब आहे, तेथे शब्द जागेवरच हवा.

आता पालकांसाठी. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून मुलाचा अर्ज न पाहताच परत देऊ नये. अर्ज मोठ्याने वाचावयास सांगावे. ‘ओन्ली’ ऐकू आला की मुलाला मराठीत विचारावे, ‘येथे तू कोणाला वगळलेस?’ त्याला उत्तर देता आले, तर शब्द त्या वगळण्याच्या जागी आहे का हे तो स्वतः पाहील. उत्तर देता आले नाही, तर तो शब्द तेथून काढून वाक्य पुन्हा वाचावयास सांगावे.