बंदर वाढवायचं म्हणजे नेमकं काय वाढवायचं?

मित्रांनो, फीस्टच्या रात्री आपल्या मेसची रांग जिन्यापर्यंत येते हे सगळ्यांना माहीत आहे. मागच्या वर्षी फार ओरड झाली म्हणून मेस कमिटीने वाढपाचं आणखी एक काउंटर उघडलं. रांग कमी झाली का? अजिबात नाही! ताटं तेवढीच, बाकं तेवढीच, आणि जेवण झाल्यावर गप्पा मारत बसणारेही तेवढेच. काउंटरसमोरची गर्दी फक्त ताट हातात घेऊन बाकांपाशी जाऊन उभी राहिली.

हे आठवायचं कारण म्हणजे आमची न्हावा-शेव्याची इंडस्ट्रियल व्हिजिट. जवाहरलाल नेहरू बंदर, म्हणजे पूर्वीचं जेएनपीटी आणि आताचं जेएनपीए. तिथे जाईपर्यंत माझी समजूत अशी होती की कंटेनर टर्मिनलचा विस्तार म्हणजे धक्का आणखी लांब बांधायचा. सिव्हिलवाल्याला दुसरं काय सुचणार? पण तिथे लक्षात आलं की बंदर म्हणजे एक साखळी आहे आणि तिची क्षमता सगळ्यात कमजोर कडीएवढीच असते. कोणती कडी कमजोर आहे हे न बघता वाढवलेलं टर्मिनल म्हणजे आपल्या मेसचं नवं काउंटर.

थोडा इतिहास

हे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. त्या वेळी कंटेनरसाठी ६८० मीटरचा धक्का होता आणि शेजारी खत, धान्य अशा सुट्या मालाचा वेगळा धक्का. कंटेनर वाढू लागले तसा १९९७ मध्ये खासगी कंपनीशी करार होऊन ६०० मीटरचं दुसरं टर्मिनल उभं राहिलं आणि १९९९ मध्ये सुरू झालं. देशातलं ते पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल. पुढे सुट्या मालाच्या धक्क्याचंच रूपांतर करून ७१२ मीटरचं तिसरं टर्मिनल झालं, ते २००६ मध्ये सुरू झालं. २०१५ मध्ये ३३० मीटरची आणखी भर पडली. चौथ्या टर्मिनलचा १,००० मीटरचा पहिला टप्पा २०१८ मध्ये, आणि तेवढाच दुसरा टप्पा २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. बेरीज केली तर ६८० मीटरचे ४,३२२ मीटर झाले. २०२४-२५ या वर्षात बंदराने सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले. (वीस फुटी एक कंटेनर म्हणजे एक टीईयू, चाळीस फुटी म्हणजे दोन.)

ही झाली धक्क्याची गोष्ट. आता साखळीच्या बाकीच्या कड्या एकेक करून बघू.

कडी पहिली : पाणी

जहाज धक्क्याला लागण्याआधी त्याला आत यायला पाणी पाहिजे. मालाने भरलेलं जहाज पाण्यात जेवढं खोल बुडतं तो त्याचा ड्राफ्ट. त्याखाली साधारण १० टक्के पाणी मोकळं ठेवावं लागतं, नाहीतर तळ घासायचा. मुंबईच्या खाडीत गाळ कायम येत राहतो, त्यामुळे चॅनेल एकदा खोदलं की झालं असं नसतं, दर वर्षी गाळ उपसावा लागतो. इथलं चॅनेल सुमारे ३३.५ किलोमीटर लांब आहे. ते दोन टप्प्यांत खोल केलं. भरतीचा फायदा घेऊन आधी १४ आणि नंतर १५ मीटर ड्राफ्टची जहाजं येतील इतपत. तळाशी काही ठिकाणी खडकही फोडावा लागला. हे काम झालं नसतं तर चौथ्या टर्मिनलचे दोन किलोमीटर मोठ्या जहाजांची वाट बघत बसले असते.

कडी दुसरी : धक्का आणि क्रेन

आता एक गंमत बघा. ६८० मीटरच्या धक्क्यावर २०० मीटरची तीन जहाजं आरामात लागतात. पण आजची मोठी जहाजं ३६६ मीटरची, काही तर ४०० मीटरचीही असतात. तसलं एक लागलं की उरलेल्या जागेत एखादं लहान जहाज बसतं, बस्स. म्हणजे धक्का तोच, पण बर्थ तीनचे दोन झाले! जहाज मोठं झालं की जुनं बंदर आपोआप लहान होतं.

क्रेनचंही तसंच. जुन्या पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर आडव्या १३ रांगा कंटेनर बसत. आताच्या मोठ्या जहाजांवर २० किंवा त्याहून जास्त. तेवढा लांब हात असलेली क्रेन जड असते आणि जुन्या धक्क्याचे पाइल तिच्या चाकांचा भार धरून डिझाइन केलेले नसतात. म्हणून जुन्या धक्क्यावर नुसती नवी क्रेन आणून उभी करता येत नाही.

समजा एका जहाजावर ३,००० कंटेनर चढ-उतार करायचे आहेत. एक क्रेन तासाला २५ उचलते असं धरू. चार क्रेन लावल्या तर ३० तास, सहा लावल्या तर २० तास. मग सहा लावा की! पण सहा क्रेन म्हणजे तासाला १५० कंटेनर. ते वाहणाऱ्या ट्रेलरची धक्का ते यार्ड आणि परत अशी फेरी १२ मिनिटांची धरली, तर एक ट्रेलर तासाला पाच फेऱ्या मारतो. म्हणजे एका जहाजामागे ३० ट्रेलर न थांबता पळायला हवेत. ट्रेलर कमी पडले किंवा यार्डात अडकले, की कोट्यवधींची क्रेन हवेत कंटेनर धरून उभी.

कडी तिसरी : जमीन

यार्डासाठी जागा पाहिजे आणि खाडीकाठी जागा म्हणजे भराव. इथे मातीचा प्रश्न येतो. आपल्या किनाऱ्याची सागरी चिकणमाती म्हणजे लोण्यासारखी. वर मुरूम टाकला की ती दबते, पण तिच्यातलं पाणी बाहेर पडायला फार वेळ लागतो. तिसऱ्या वर्षी शिकलेला टर्झाघीचा फॉर्म्युला लावून बघा. चिकणमातीचा थर ८ मीटर, पाणी फक्त वरूनच निघतं, सीव्ही वर्षाला १ चौरस मीटर. ९० टक्के कन्सॉलिडेशनला लागणारा वेळ = ०.८४८ × ६४ = सुमारे ५४ वर्षं! कंत्राट संपेल, इंजिनिअर रिटायर होईल, जमीन खचतच राहील.

मग करतात काय? थरात दर सव्वा मीटरवर प्लॅस्टिकच्या उभ्या पट्ट्या खुपसतात, त्यांना पीव्हीडी म्हणतात. पाण्याला आता आठ मीटर वर यायचं नसतं, अर्ध्या-पाऊण मीटरवरच्या पट्टीपर्यंत आडवं जायचं असतं. वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे त्याच मातीत ५४ वर्षांचं काम वर्षभराच्या आसपास येतं. व्हायव्हामध्ये हे विचारलं तर आता तरी सांगता येईल ना?

कडी चौथी : वेळ

मला सगळ्यात आवडलेली कडी हीच, कारण तिला सिमेंट लागत नाही. समजा यार्डात जमिनीवर ८,००० टीईयूची जागा आहे आणि सरासरी साडेतीन थर लागतात. म्हणजे एका वेळी २८,००० टीईयू मावतात. एक कंटेनर सरासरी सात दिवस पडून राहत असेल, तर वर्षाला २८,००० × ३६५ ÷ ७ = १४ लाख ६० हजार टीईयू. तोच मुक्काम साडेतीन दिवसांवर आणला तर? २९ लाख २० हजार! यार्ड दुप्पट झालं, तेही एक ब्रास मुरूम न टाकता. (आकडे माझे, समजण्यापुरते. हिशोब मात्र खरा.)

मेसच्या भाषेत सांगायचं तर जेवण झाल्यावर बाकावरून उठा. पूर्वी आयात कंटेनर बंदरातून आधी बाहेरच्या फ्रेट स्टेशनात जायचा आणि तिथून मालकाकडे. २०१६ पासून इथे थेट बंदरातूनच माल नेण्याच्या पद्धतीवर जोर दिला गेला. हा विस्तार कागदपत्रांतून झालेला आहे, पण तोही विस्तारच.

कडी पाचवी : गेटच्या बाहेर

कंटेनर गेटबाहेर गेला की बंदराचं काम संपलं असं वाटतं. पण करळ फाट्याला ट्रेलरची रांग लागली की ती मागे सरकत सरकत यार्डात पोचते. ४५ वॅगनची एक मालगाडी ९० टीईयू नेते, म्हणजे किमान ४५ ट्रेलर रस्त्यावरून कमी. म्हणूनच पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाचं टोक या बंदराला जोडायचं ठरलं आणि चौथ्या टर्मिनलमध्ये दीड किलोमीटर लांबीच्या गाड्यांसाठी रेल्वे यार्ड आखलं गेलं.

कडी तुटली तर काय होतं याचं उदाहरण खाडीच्या पलीकडेच आहे. मुंबई बंदरात समुद्रात दोन नवे कंटेनर बर्थ बांधायचा करार डिसेंबर २००७ मध्ये झाला. यार्डासाठी जुने प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक भरून घ्यायचे होते. बर्थ उभे राहिले, पण खोली, मागची जागा, रेल्वे यांचा मेळ वेळेत बसला नाही. तोवर कंटेनर न्हावा-शेव्याला गेले होते. त्या बर्थवर पुढे मोटारी आणि पोलाद उतरू लागलं. धक्का होता, टर्मिनल नव्हतं.

जी कडी पुस्तकात नाही

व्हिजिटचा रिपोर्ट लिहून झाल्यावर मी तो माझ्या रूम पार्टनरला वाचायला दिला. तो उरणकडचा, घरात मासेमारी. सगळं वाचून त्याने एवढंच विचारलं, "अरे, तुझ्या साखळीत आमचं जाळं कुठे आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. मग थोडं वाचलं. नवी मुंबई आणि या बंदरासाठी जमिनी गेल्या तेव्हा मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. पुढे चौथ्या टर्मिनलसाठी खाडीत भराव पडला. भराव पडला की भरतीच्या पाण्याची वाट बदलते, तिवरं जातात, होड्यांचा रस्ता अडतो. कोळीवाड्यांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

म्हणजे बघा, खाडीतलं पाणी ज्यांचं शेत होतं त्यांचा हिशोब आधी मांडला गेला नाही, म्हणून तो नंतर कोर्टात मांडावा लागला. आपण ज्याला रिकामी दलदल समजून ड्रॉइंगवर तिरप्या रेघा मारतो, तिथे कुणाची तरी कोलंबी आणि जिताडा असतो. हीसुद्धा एक कडीच आहे, आणि ती कमजोर ठेवली तर प्रकल्प तिथेही अडतो.

आता न्हावा-शेव्याला आणखी किती वाढता येईल यालाही मर्यादा आहे. म्हणून पालघर जिल्ह्यात वाढवणला नवं बंदर होऊ घातलं आहे. जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी, ऑगस्टमध्ये पायाभरणी, खर्च ७६,२२० कोटी, एक-एक हजार मीटरची नऊ कंटेनर टर्मिनल. पाणी तिथे मुळातच खोल आहे, म्हणजे पहिली कडी भक्कम. पण तिथल्या मच्छीमारांचा विरोधही जुना आहे. आपल्यातले काही जण उद्या कदाचित तिथे साइटवर असतील. त्यांनी धक्क्याची लांबी मोजण्याआधी सगळ्या कड्या मोजाव्यात, आणि किनाऱ्यावरच्या माणसांपासून सुरुवात करावी, एवढंच सांगायचं होतं.

असो. रिपोर्टमध्ये मी शेवटी एक पान जोडलं, ‘बाधित मासेमारी’ या मथळ्याचं. पार्टनरने वाचलं आणि म्हणाला, "आता बरोबर वाटतंय." सरांनी त्या पानाला मार्क दिले की नाही ते माहीत नाही.

आणि हो, फीस्टच्या दिवशी जेवण झालं की बाकावरून उठा रे!

(अंतिम वर्ष, स्थापत्य)