साथ कोणी कोणाची करावयाची?

बारावीचा निकाल हाती पडला, म्हणजे ज्या घरातील मुलीने आठ-दहा वर्षे कथकचा रियाज केला आहे आणि जिला संगणकातही उत्तम गती आहे, त्या घरात एक ठरावीक खटला उभा राहतो. वडील फिर्यादी असतात, आई कधी या पक्षाची तर कधी त्या पक्षाची वकिली करते, आणि मुलगी पिंजऱ्यात उभी राहून ‘नृत्य की अभियांत्रिकी?’ या एकाच प्रश्नाला निरनिराळ्या आवाजांत तोंड देत असते. अलीकडे ही आरोपी ‘दोन्ही’ असा तिसराच जबाब देऊ लागली आहे. रंगमंचावरील जिवंत नृत्य आणि संगणकाने घडविलेली दृश्ये यांचा मेळ घालण्याचे काम तिला करावयाचे असते. पालकांना ही पळवाट वाटते. ती पळवाट नव्हे. परंतु राजमार्गही नव्हे, आणि या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी ती कोठून येते व कोठे जाते याची चौकशी करणे दोन्ही पक्षांच्या हिताचे आहे.

ही विद्या वाटते तितकी नवी नाही. 1892 साली पॅरिसच्या फोली बर्जेर नाट्यगृहात लोई फुलर ही अमेरिकन नर्तकी रेशमी वस्त्राचे प्रचंड घेर फिरवीत त्यांवर विजेचे रंगीत झोत खेळवू लागली, तेव्हा पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी विजेचा दिवा आलेलाही नव्हता. 1965 साली न्यूयॉर्क येथे नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी ‘व्हेरिएशन्स फाइव्ह’ या प्रयोगात रंगमंचावर अँटेना व प्रकाशसंवेदक मांडले आणि नर्तक त्यांच्याजवळून गेला की ध्वनीत फरक पडावा अशी तजवीज केली. याच कनिंगहॅम यांनी 1999 साली, ऐंशीच्या घरात असताना, ‘बायपेड’ रचले: नर्तकांच्या अंगावर चमकत्या खुणा लावून त्यांच्या हालचाली कॅमेऱ्यांनी टिपल्या, त्यांवरून पॉल कायझर व शेली एश्कर यांनी महाकाय आकृती रेखाटल्या, आणि त्या आकृती पारदर्शक पडद्यावर वावरत असताना त्याच पडद्यामागे हाडामांसाचे नर्तक नाचत राहिले.

एकाच नृत्यरचनाकाराचे हे दोन प्रयोग तत्त्वतः परस्परविरोधी आहेत, आणि या व्यवसायाचे मर्म त्या विरोधातच आहे. ‘बायपेड’मधील दृश्ये आधीच सिद्ध झालेली होती, ती नर्तकाची वाट पाहत नव्हती. 1965 च्या प्रयोगात मात्र यंत्र नर्तकाच्या हालचालीची वाट पाहत होते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर पहिला प्रकार लेहऱ्याच्या यंत्रासारखा: आवर्तन चालूच राहते, सम गाठण्याची जबाबदारी नर्तकीची. दुसरा प्रकार पावलांवर डोळे रोखून बसलेल्या तबलजीसारखा: तिहाई तिने उचलावी आणि त्याने तिच्याबरोबर समेवर यावे. साथ कोणी कोणाची करावयाची, हा प्रश्न प्रत्येक प्रयोगाच्या प्रारंभी सोडवावा लागतो, आणि तो सोडवू शकणाऱ्या माणसाचीच येथे खरी गरज असते.

दुसरा प्रकार अधिक अवघड. ऑस्ट्रेलियातील चंकी मूव्ह या नृत्यसंस्थेच्या ‘ग्लो’ (2006) या एकल प्रयोगात फ्रीडर वाइस या जर्मन अभियंत्याने नर्तकीवर अवरक्त किरणांनी पाहणारा कॅमेरा रोखला. कारण साध्या कॅमेऱ्याला नर्तकी कोणती आणि तिच्यावर पडणारे चित्र कोणते हे उमगत नाही. त्याशिवाय विलंबाचा प्रश्न उरतोच. सेकंदाला तीस चौकटी टिपणारा कॅमेरा आणि त्यामागे हिशेब करणारा संगणक मिळून चार चौकटींचा उशीर झाला, तर मिनिटाला 240 मात्रांच्या द्रुत तीनतालात अर्धी मात्रा निसटते. हा उशीर अभियंत्याला आकड्यात दिसतो. तो सहन होण्याजोगा आहे की नृत्याचा विचका करणारा आहे, हे ज्याच्या अंगात ताल मुरला आहे तोच सांगू शकतो. ‘वाया गेली’ म्हणून ज्या आठ वर्षांचा हिशेब घरात मांडला जातो, ती येथे अशी कामास येतात.

शिक्षण कोठे घ्यावे?

या विषयाची सर्वमान्य सनद देणारा एकच अभ्यासक्रम शोधत बसण्यापेक्षा एक विद्या मायबोलीसारखी आणि दुसरी परभाषेसारखी, परंतु व्याकरणशुद्ध, शिकावी. नृत्याकडे ओढा असल्यास सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र किंवा मुंबईचे नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे. रचनेकडे असल्यास अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे. आयआयटी मुंबईच्या डिझाइन पदवीसाठी ‘यूसीड’ ही प्रवेशपरीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. पदवीनंतर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम नेपथ्य व प्रकाशयोजना यांचे संस्कार देतो. बंगळूरच्या अट्टक्कलरी या नृत्यसंस्थेचे संस्थापक जयचंद्रन पालाझी मूळचे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. ‘इझाडोरा’ ही रंगमंचावरील दृश्ये चालविणारी संगणकप्रणाली निर्माण करणारे मार्क कोनिग्लिओ संगीतरचनाकार. दोघांचाही पाया एका विद्येत पक्का होता.

उदरनिर्वाहाचे काय?

येथे स्पष्ट बोलणे इष्ट. केवळ नृत्यप्रयोगांवर दरमहा ठरलेला तनखा मिळेल, या भरवशावर कोणी राहू नये. प्रक्षेपणाची रचना करणारा, प्रणाली लिहिणारा, प्रयोगाच्या वेळी ती चालविणारा आणि चित्रपट वा खेळांसाठी हालचालींचे टिपण करणारा, असे येथील हुद्दे आहेत. बहुतेक कामे कंत्राटी असतात, आणि कलेच्या प्रयोगाला लागणारा पैसा पुष्कळदा संग्रहालये, कंपन्यांचे समारंभ व लग्नातले संगीत यांतून उभा करावा लागतो. म्हणून करारनामा लेखी असावा, विसार आगाऊ घ्यावा, आणि तांत्रिक व रंगीत तालमींचे दिवस मोबदल्यात स्वतंत्र धरावेत. कारण खरे काम तालमीतच होते आणि बिलातून नेमके तेच गळते.

शुल्क भरण्यापूर्वी

लाखांचे शुल्क भरण्यापूर्वी तीन महिन्यांची घरगुती परीक्षा घ्यावी. साधा लॅपटॉप, त्याचाच कॅमेरा आणि उसना आणलेला प्रक्षेपक पुरेसा आहे. दृश्ये घडविणाऱ्या ‘टचडिझायनर’ या संगणकप्रणालीची अव्यावसायिक आवृत्ती विनामूल्य मिळते, गूगलची ‘मीडियापाइप’ साध्या कॅमेऱ्यातून शरीरावरील 33 बिंदू ओळखते. मुलीने कथकचा एक तुकडा घ्यावा आणि भिंतीवरची आकृती आपल्या देहाबरोबर हलेल असे करावे. नंतर घेरदार पोशाख चढवून चक्करे घ्यावीत: गुडघे वस्त्राआड जातील, यंत्राला डावे-उजवे कळेनासे होईल, आकृती भलतीकडे धावेल. त्या रात्री ती वैतागून झोपी गेली, तर तिला नुसती नवलाई हवी होती. दोष शोधत जागी राहिली, तर पालकांनी आपली फिर्याद पुन्हा एकदा तपासून पाहावी.

अखेरच्या दिवशी घरच्यांसमोर प्रयोग व्हावा, आणि ऐन तिहाईत वडिलांनी, आधी न सांगता, प्रक्षेपकाचे बटण बंद करावे. साथीदार गेला म्हणून ती मध्येच थांबली, तर रियाज अजून बाकी आहे. परंतु अंधाऱ्या भिंतीकडे न पाहता ती समेवर आली, आणि मगच, दम खात, बटण कोणी बंद केले हे विचारावयास वळली, तर हा खटला काढून टाकावयास हरकत नाही.