कुट्टी यंत्राचे पाते : रचना व मजबुती

कडबा कापण्याच्या यंत्राचे पाते मोडले की दोष बहुधा पोलादाला दिला जातो. पोलाद हलके असू शकते हे खरे. परंतु उत्तम पोलादाचे पातेही सदोष आकारामुळे मोडते, याकडे फारसे लक्ष जात नाही.

धार ही मुळात एक पाचर होय. तिचा कोन लहान ठेवला तर ती कडब्यात सहज शिरते. मात्र धारेमागे धातू कमी उरतो आणि वैरणीतून आलेल्या एखाद्या खड्यानेही टवका उडतो. कोन मोठा ठेवल्यास धार टिकते, पण यंत्र फिरविण्यास बळ अधिक लागते. जाडीचा प्रभाव याहून मोठा आहे. पट्टीची जाडी दुप्पट केल्यास तिचा ताठपणा आठपट होतो. पातळ पाते कापताना वाकते आणि यंत्राच्या तोंडाशी असलेल्या स्थिर पट्टीवर आदळते. चाकावरील पात्यांना दिलेला बाकही शोभेसाठी नाही. बाकामुळे सारा कडबा एकाच क्षणी न कापता क्रमाक्रमाने कापला जातो आणि पात्यास बसणारा हिसका कमी होतो.

पात्याचे दुबळे स्थान मात्र पुष्कळदा धारेपासून दूर, बोल्टच्या छिद्रापाशी असते. ताणलेल्या रुंद पट्टीत गोल छिद्र असेल तर त्याच्या काठावरील ताण इतरत्र असलेल्या ताणाच्या तिप्पट होतो, हे जर्मन अभियंता किर्श यांनी १८९८ मध्ये गणिताने दाखविले. इंग्रज अभियंता इंग्लिस यांनी १९१३ मध्ये पुढे दाखवून दिले की, कोपरा जितका तीक्ष्ण तितका तेथील ताण अधिक. बोल्ट बसत नाही म्हणून छिन्नीने छिद्र वाढविणे यामुळेच घातक ठरते. छिन्नीची प्रत्येक खाच म्हणजे भेगेचा आरंभ; चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर ती भेग किंचित पुढे सरकते. छिद्र गिरमिटानेच पाडावे व कड कानशीने गुळगुळीत करावी.

धार लावतानाही रचना बिघडते. कोरड्या सहाणेच्या चाकावर धार निळसर झाली, तर तेथील पोलादाचे ‘पाणी’ उतरले असे समजावे. थोडे घासून पाते पाण्यात बुडवीत जावे.

हाताने फिरविण्याच्या यंत्रास विजेची मोटर जोडताना तर विशेष दक्षता हवी. वेग दुप्पट झाला की पात्यास बाहेर फेकणारे बल चौपट होते. बोल्ट आणि छिद्रे मात्र पूर्वीचीच असतात.