परिषदेचं पत्र आलं की

तुझ्याविरुद्धच्या तक्रारीबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेचं पत्र हाती पडलं, की त्याच रात्री उत्तर लिहायला बसू नकोस. ओपीडी आटोपते, शटर अर्धं ओढलं जातं, आणि दिवसभराचा संताप कागदावर उतरतो. तसं लिहिलेलं उत्तर पुढे प्रत्येक सुनावणीत आपल्यासमोर ठेवलं जातं. त्या रात्री एवढंच कर: पाकिटावर मिळाल्याची तारीख घाल, उत्तराची मुदत कॅलेंडरवर मांड, केसपेपरची झेरॉक्स काढ आणि मूळ कागद कपाटात कुलूपबंद कर. त्यात एक अक्षरही वाढवायचं नाही. राहून गेलेलं काही आता आठवलं, तर ते वेगळ्या कागदावर, आजच्या तारखेनिशी, वकिलासाठी लिही. इन्डेम्निटीच्या कंपनीला दुसऱ्याच दिवशी कळव. पेशंटच्या घरच्यांना फोन करू नकोस, अगदी चांगल्या मनानंसुद्धा.

मध्यरात्री सगळं एकच वाटायला लागतं: परिषद, पोलीस, कोर्ट, पेपरातली बातमी. ते वेगवेगळं आहे. परिषद ताकीद देऊ शकते, नोंदवहीतून नाव काही काळासाठी किंवा कायमचं काढू शकते. ती कुणाला तुरुंगात टाकत नाही, की पैशाची भरपाई देववत नाही. भरपाईचा दावा ग्राहक आयोगाकडे जातो. फौजदारीच्या बाबतीत जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्येच सांगून ठेवलंय, की डॉक्टरवर कारवाई करण्याआधी तपास अधिकाऱ्यानं तटस्थ वैद्यकीय मत घ्यावं आणि सरसकट अटक करू नये. हे वकिलाकडून नीट समजून घे. आपल्यावर नेमकं काय आलंय हे कळलं, की निम्मी धडधड तिथेच कमी होते.

उरलेली निम्मी वकिलाच्या हातची नाही. माझं कळकळीचं सांगणं इथे आहे: पहिल्या आठवड्यातच दोन माणसं जोड, एक उत्तरासाठी आणि एक मनासाठी. वकिलाला घटनाक्रम सांग, मिनिटामिनिटाचा. समुपदेशकाला सांग की झोप लागत नाही, तो पेशंट डोळ्यांसमोरून हलत नाही, दुसऱ्याला इंजेक्शन देताना हात थांबतो. वकिलासमोर रडायला बसलीस तर कामाचा वेळ जातो, आणि मन मोकळं करायला आयएमए शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलंस तर स्क्रीनशॉट कुठे फिरेल याचा नेम नाही. समुपदेशन किंवा मानसोपचार घेणाऱ्याला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिलाय, काही ठरावीक अपवाद सोडून. ते अपवाद कोणते, हेही पहिल्याच भेटीत विचारून घे. त्यात संकोच कसला?

आपल्या डोंबिवलीत खरी अडचण वेगळीच. फडके रोडवरून गेलं तरी चार पेशंट नमस्कार करतात. इथल्या मानसोपचारतज्ज्ञाला आपणच रेफरन्स पाठवतो, मग त्याच्याच वेटिंग रूममध्ये बसायचं कसं? तर बसू नकोस. ठाण्याला जा. तिथे आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करतेय. किंवा मुलुंडला जा, जिथे तुला कुणी ओळखत नाही. तेवढंही जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, फुकट, मराठीत चालतो. पण जिथे जाशील तिथे स्वतःच्या नावानं केसपेपर काढ. मित्राला कॉरिडॉरमध्ये गाठून, ‘जरा झोपेचं काहीतरी सांग ना,’ असं करू नकोस. मित्र भिडेखातर गोळी सांगतो, पण विचारायला हवं ते विचारत नाही.

टेबलाच्या डाव्या खणात सॅम्पलच्या स्ट्रिपा असतात, सगळ्यांच्याच असतात. तिथून अल्प्राझोलाम उचलणं फार सोपं. आधी अर्धी, मग एक, मग सकाळची ओपीडी जड जाते म्हणून आणखी काही. त्या खणाची किल्ली पत्र आल्याच्या दिवशीच घरच्याच्या किंवा जुन्या सिस्टरच्या हाती दे. वाईट विचार येत असतील तर हे अधिकच आवश्यक, आणि तेव्हा सोमवारच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच क्षणी घरात सांगायचं. मी हे जपून पण उघड लिहितोय. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलनं स्वतःच्याच चौकश्यांचा आढावा घेतला, तेव्हा २००५ ते २०१३ या काळात चौकशी चालू असताना २८ डॉक्टरांनी आत्महत्या केल्याचं किंवा तसा संशय असल्याचं आढळलं. मार्च २०२२ मध्ये राजस्थानात लालसोटच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंवर, बाळंतपणानंतर पेशंट दगावली म्हणून, खुनाचा गुन्हा नोंदला गेला आणि त्यांनी जीव दिला. ब्रिटनमध्ये चौकशीतल्या डॉक्टरला आधार द्यायला दुसऱ्या डॉक्टरची सोबत मिळवून देण्याची सोय आहे. आपल्याकडे ती बहुतेक वेळा आपली आपल्यालाच जमवावी लागते. म्हणून आयएमएच्या तुझ्या शाखेतला, स्वतः अशा चौकशीतून गेलेला एखादा ज्येष्ठ शोध. तो नाही म्हणणार नाही.

घरी लपवू नकोस. तुम्ही दोघंही डॉक्टर आणि नर्सिंग होम एकच, तर जेवणाच्या टेबलावर केसचा विषय बंद ठेवायचा आणि त्यासाठी वेगळी वेळ ठरवायची. मुलांना त्यांच्या वयाला झेपेल एवढं सांग. शाळेत कानावर येण्याआधी आईकडून कळलेलं बरं.

आणि तक्रारीतल्या घटनेच्या वेळी ड्यूटीवर असलेली सिस्टर? तिचीही जबानी होईल, कदाचित तिच्यावर नर्सिंग कौन्सिलकडे वेगळी तक्रार होईल. तिला ना वकील परवडतो, ना कुणी विचारतं. तिला बोलावून घे, तिने काय सांगायचं हे पढवायला नव्हे, तर तिची झोप कशी आहे हे विचारायला. समुपदेशनाचा खर्च नर्सिंग होमनं करावा. तिचं म्हणणं तिला खरं वाटतं तसंच जाऊ दे.

ओपीडी बंद करू नकोस, तास कमी कर. साध्या तापालाही मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहायला लागलीस, तर ते समुपदेशकाला सांग. ती भीती आहे, निदान नव्हे.

डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत व्हावा असं आहे, पण प्रकरणं त्याहून कितीतरी लांबतात. तेव्हा समुपदेशन महिनाभरात गुंडाळू नकोस. सुनावणीच्या तारखेच्या आधी समुपदेशकाकडे एक बैठक आणि नंतर एक, हे ठरवूनच टाक. चिंचपोकळीला परिषदेच्या कार्यालयात जायचं तर स्लो लोकल धर. एकटी जाऊ नकोस, आणि त्या दिवशी संध्याकाळची ओपीडी ठेवू नकोस. निकाल विरोधात गेला तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता आणि वैद्यकीय नोंदणी मंडळाकडे अपील करायला ६० दिवस असतात; त्यातले पहिले दोन-तीन नुसते झोपेसाठी ठेव. बाजूनं लागला तरी ठरलेली पुढची बैठक रद्द करू नकोस. अनेकांचं मन त्यानंतरच खचतं.