खेळाचे मास्तर

आपल्या वर्ध्याहून नागपूर फार दूर नाही. पाऊणशे किलोमीटरची वाट. रेल्वेने जा, नाहीतर एस.टी.ने जा. दवाखान्यासाठी, खरेदीसाठी, कोर्टाच्या कामासाठी आपण तिथे जातोच. त्याच नागपुरातील एका मास्तरांची गोष्ट आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत. त्यांचे नाव विजय बारसे.

नागपुरात हिस्लॉप कॉलेज नावाचे जुने कॉलेज आहे. ते 1883 साली सुरू झाले. त्या कॉलेजात बारसे सर खेळाचे शिक्षक होते. अनेक वर्षे त्यांनी हीच नोकरी केली.

कोणी म्हणेल, "खेळ शिकवणे हे काय काम झाले? गणित शिकवा, हिशेब शिकवा. खेळ तर पोरे आपोआप शिकतात!" थांबा. आधी पूर्ण गोष्ट वाचा, मग ठरवा.

तुटकी बादली

2001 च्या सुमाराची गोष्ट. पाऊस पडत होता. बारसे सरांना झोपडपट्टीतले काही पोट्टे खेळताना दिसले. अंगावर पाऊस, पायाखाली चिखल. पण पोट्ट्यांना त्याचे भान नव्हते. त्यांच्याजवळ चेंडू नव्हता. एक तुटकी बादली होती. तिलाच लाथा मारत ते फुटबॉल खेळत होते.

असे पोट्टे आपणही पाहतो. पाहतो आणि पुढे जातो. फार झाले तर ओरडतो, "अरे, घरी जा! आजारी पडाल!" बारसे सरांनी त्यांच्याकडे शिक्षकाच्या नजरेने पाहिले. ही मुले मन लावून खेळत आहेत. जेवढा वेळ खेळतात, तेवढा वेळ ती वाईट नादापासून दूर राहतात. सरांना हे दिसले. त्यांनी मुलांना खरा चेंडू दिला.

फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा चेंडू. एका बाजूला 11 गडी, दुसऱ्या बाजूला 11 गडी. चेंडूला हात लावायचा नाही. हात लावण्याची मुभा फक्त गोल राखणाऱ्याला, तीही गोलाजवळच. खेळ 90 मिनिटांचा. या खेळाला महागडे सामान लागत नाही. एका चेंडूत 22 जण खेळतात. म्हणून गरिबाच्या पोराला हा खेळ परवडतो.

झोपडपट्टीची स्पर्धा

बारसे सरांनी मग झोपडपट्टीतल्या मुलांची स्पर्धाच भरवली. कॉलेजची नाही, शहाण्यासुरत्यांची नाही. फक्त झोपडपट्टीतल्या मुलांची. शंभरावर संघ खेळायला आले! शहरात एवढी पोरे होती, एवढा उत्साह होता. पण तोवर त्यांना खेळायला या म्हणून कोणी हाकच मारली नव्हती.

या कामासाठी नागपुरात क्रीडा विकास संस्था उभी राहिली. लोक तिला 'स्लम सॉकर' म्हणून ओळखतात. स्लम म्हणजे झोपडपट्टी. सॉकर म्हणजे फुटबॉल.

नोकरीच्या शेवटी मिळालेला पैसा

नोकरी संपली की माणसाच्या हाती थोडा एकरकमी पैसा येतो. तो जन्माच्या कष्टाचा पैसा असतो. कोणी घर बांधतो. कोणी मुलीचे लग्न करतो. कोणी म्हातारपणाची सोय म्हणून बँकेत ठेवतो. यात गैर काही नाही. आपणही तेच केले असते.

बारसे सरांनी हा पैसा जमिनीत घातला. पण ती जमीन कापूस पेरायला घेतली नाही, आणि प्लॉट पाडून विकायलाही घेतली नाही. नागपूरजवळ बोखारा येथे मुलांना खेळता यावे, शिकता यावे, म्हणून ती घेतली. या कामात पत्नी रंजनाताई यांची त्यांना साथ होती. घरच्या बाईने साथ दिली नाही, तर असे काम चालत नाही, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहेच. मुलगा अभिजीत अमेरिकेत होता. पुढे तोही परत आला आणि याच कामाला लागला.

जगाच्या मैदानावर

ज्यांना घर नाही, ज्यांचा कोणी वाली नाही, अशांसाठी फुटबॉलची एक जागतिक स्पर्धा आहे. ती 2003 साली ऑस्ट्रिया देशातील ग्राझ शहरात पहिल्यांदा भरली. तिचे मैदान लहान असते. लांबी 22 मीटर, रुंदी 16 मीटर. एका बाजूला फक्त 4 गडी. सात-सात मिनिटांचे दोन डाव. या स्पर्धेत स्लम सॉकरच्या मार्फत आपल्या देशातली मुले-मुली खेळायला जाऊ लागली. ज्यांनी नागपूरची वेस ओलांडली नव्हती, ती परदेशी मैदानावर उतरली.

फिफा ही साऱ्या जगाच्या फुटबॉलची मोठी संघटना आहे. तिने 2016 साली स्लम सॉकरला पुरस्कार दिला. 2022 साली नागराज मंजुळे यांनी या कामावरून 'झुंड' नावाचा सिनेमा काढला. त्यात अमिताभ बच्चन खेळाचे मास्तर झाले आहेत.

चेंडूने काय होते, काय होत नाही

आम्ही तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. चेंडूने पोट भरत नाही. कर्ज फिटत नाही. खेळणारा प्रत्येक पोरगा मोठा खेळाडू होत नाही. शंभरात एखादाच होतो.

मग बाकीच्या नव्याण्णवांचे काय? त्यांना वेळेवर यायची सवय लागते. शिट्टी वाजली की थांबायला ते शिकतात. एकट्याने चेंडू धरून ठेवला तर संघ हरतो, हे त्यांना कळते. हरल्यावर उद्या पुन्हा यायचे असते, हेही कळते. या गोष्टी शेतीतही लागतात आणि संसारातही लागतात.

या संस्थेत मुलीही खेळतात. खेळाखेळात त्यांना आरोग्याच्या गोष्टी सांगतात. गणितही शिकवतात. आपल्याकडे काय होते? मुलगी सातवी-आठवीत गेली की तिचा खेळ बंद. पाणी भर, भांडी घास, धाकट्याला सांभाळ. तिचेही पाय धावण्यासाठीच आहेत, हे आपण विसरतो.

आता आपले गाव पाहा

मोठे मैदान नसले तरी चालते. 22 मीटर म्हणजे मोठ्या माणसाची 30 पावले. एवढी मोकळी जागा बहुतेक गावात असते. कुठे तिच्यावर पऱ्हाटीचे ढीग असतात, कुठे उकिरडा असतो, कुठे कोणी हळूच कुंपण सरकवलेले असते. ग्रामसभेत उठून बोला. जागा मोकळी करून घ्या. गोलासाठी चार बांबू रोवा. गावातल्या एखाद्या शिकलेल्या तरुणाला सांगा, "बाबू, रोज संध्याकाळी एक तास पोरांसाठी दे." मुलींसाठीही वेळ राखून ठेवा.

आणि सर्वांत आधी कोणाला बोलवाल? जो शाळेत जात नाही, जो पानठेल्यापाशी दिवसभर उभा असतो, ज्याला सगळे 'वाया गेला' म्हणतात, त्याला बोलवा. बारसे सरांनी अशाच मुलांपासून सुरुवात केली होती.

विचार करा व सांगा

1. पावसात मुले कशाने खेळत होती?
2. बारसे सरांनी नोकरीच्या शेवटी मिळालेला पैसा कशात घातला? तुम्ही काय केले असते?
3. खेळातून मुले कोणत्या गोष्टी शिकतात?
4. तुमच्या गावात खेळायला जागा आहे काय? 30 पावले मोजून पाहा.
5. तुमच्या घरातली मुलगी शेवटची कधी खेळली? आज घरी गेल्यावर तिला विचारा.